मागच्या स्प्रॉकेटचा विषय एका ओळीत कसा संपवलात?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या स्पोर्ट बाईक सांभाळण्यावर लेख आला, वाचून बरं वाटलं, नाहीतर गाड्यांच्या पानावर कायम नवीन लाँचच. पण त्यात स्प्रॉकेटबद्दल, म्हणजे चेन ज्यावरून फिरते त्या दातेरी चक्राबद्दल, एकच वाक्य आहे, "मागच्या स्प्रॉकेटचे दात झिजले की ते बदलून घ्यावं", आणि लगेच पुढचा मुद्दा. नवीन गाडीला ठीक आहे, पण पंधरा-वीस वर्षं पळालेल्या गाडीत असं नुसतं स्प्रॉकेट बदललं तर पैसे पाण्यात जातात, म्हणून लिहितोय.

आधी चेनचं बोलू. ५२०, ५२५, ५३० कुठल्याही नंबरची चेन घ्या, दोन पिनांमधलं अंतर १५.८७५ मिमी, फरक असतो तो रुंदीचा. चेन "ताणली" म्हणतात तेव्हा लोखंड ताणलं जात नाही, आतल्या पिना आणि बुश झिजून हे अंतर वाढलेलं असतं. अशी चेन नवीन स्प्रॉकेटवर चढवली की ती दातांत नीट बसतच नाही, वर चढायला बघते आणि नवीन दात थोड्याच दिवसांत जुन्यासारखे आकड्यागत वाकडे व्हायला लागतात. त्यामुळे पुढचं म्हणजे इंजिनकडचं स्प्रॉकेट, मागचं आणि चेन असा पूर्ण सेट एकदमच बदलायचा. चेन बघायची तर स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला ती बोटाने मागे ओढायची, अर्धा दात उघडा दिसला की समजायचं संपली.

आता जे लेखात औषधालाही नाही ते. मागचं स्प्रॉकेट थेट चाकाला लागलेलं नसतं, ते कॅरिअर नावाच्या एका वेगळ्या भागावर असतं आणि कॅरिअर आणि चाकाच्या मधे जाड रबर बसवलेले असतात, इंजिनचा झटका त्यांनी खायचा असतो. जुन्या गाडीत हे रबर दगडासारखे कडक तरी होतात नाहीतर झिजून पातळ होतात, हब म्हणजे चाकाचा मधला भाग उघडला की आत काळी भुकटी मिळते. मग थ्रॉटल सोडला-दिला की मागून खडाक्, आणि लोक चेन टाईट करत बसतात, नाहीतर गिअरबॉक्सला शिव्या घालतात. चाक काढायच्या आधी पहिला गिअर टाकून चाक हाताने पुढेमागे हलवून बघा, स्प्रॉकेट जागेवर आणि चाक मात्र बरंच हलतंय, तर रबर गेले. चाक बाहेर आलंच आहे तर कॅरिअरच्या बेअरिंगमधेही बोट घालून फिरवा, हे चाकाच्या बेअरिंगपेक्षा वेगळं असतं आणि बऱ्याच जणांना ते आहे हेच माहीत नसतं. हाताला खरखर लागली की बदला, कारण ते ढिलं असेल तर स्प्रॉकेट डुगडुगतं आणि नवीन सेट वाकडा झिजतो. आतला स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी नळी, कुठून आणि कसा निघाला तेवढं मात्र फोटो काढून ठेवा!

पुढच्या स्प्रॉकेटचा नट चेन गाडीवर असतानाच, मागचा ब्रेक दाबून सैल करायचा, लॉकवॉशर (नट सुटू नये म्हणून कड वाकवून बसवलेली चकती) असेल तर त्याची वाकवलेली कड आधी सरळ करून. एकदा चेन तोडली की तो नट हलवताना नाकी नऊ येतात. मागच्या स्प्रॉकेटचे नट समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे, किती आवळायचे तो आकडा मॅन्युअलमधला आणि हातात तो जोर मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, अंदाजपंचे नको.

दातांची संख्या बदलायची हौसही याच वेळी येते. पुढे १६ आणि मागे ४५ दात असतील तर रेशो, म्हणजे मागचे भागिले पुढचे, २.८१ पडतो, पुढे एक कमी करून १५ लावलं की ३.०, आणि मागे ४८ लावले तरी तेच ३.०. पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळजवळ तीन. पिकअप सुधारतो, पण त्याच स्पीडला आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) साधारण ६.७ टक्क्यांनी वाढतो, आणि स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सकडे असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त स्पीड दाखवतो. मला विचाराल तर कंपनीचाच आकडा बरा, आणि रोजच्या गाडीला ॲल्युमिनियमपेक्षा स्टीलच, वजन जास्त पण टिकतं.

चेन ताठ ठेवली की काम चांगलं झालं असं वाटणारेही खूप आहेत. बऱ्याच स्पोर्ट बाईकला २५ ते ३५ मिमी ढील लागते, म्हणजे चेन मधोमध तेवढी वर-खाली हलली पाहिजे, आपल्या गाडीचा आकडा बहुतेक वेळा स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, स्टिकरवर असतो. सस्पेन्शन दबलं की पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्म ज्यावर हलतो तो पिव्हट आणि मागच्या चाकाचा अॅक्सल एका रेषेत येतात आणि चेन अजून ताणली जाते, तेव्हा ढील नसेल तर सगळा भार गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर.

शेवटी एक तक्रारच. लेखासोबतच्या फोटोत गाडी स्टँडवर आहे, इंजिन चालू, चाक फिरतंय आणि एक जण फडक्याने चेन पुसतोय. फडकं चेनमधे गेलं की त्यामागे बोट जातं, हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. चेन साफ करताना इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला आणि चाक हातानेच फिरवायचं, एवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर ठळक छापा.

आपला,
एक नियमित वाचक