ऊसतोडीला निघणाऱ्या मधुमेही मुलांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या टोळ्या सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली असते, मागे राहता येत नाही. यातल्या काही घरांत टाईप १ मधुमेहाची मुलं आहेत. त्यांच्या अंगात इन्सुलिन तयार होत नाही, ते रोज सुईनेच द्यावं लागतं. हा आजार गोड खाल्ल्याने झालेला नाही आणि काढ्याने जाणारही नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण "आता बरं वाटतंय ना, मग सुया बंद करा" असं सांगणारे आपल्याकडे दर बाजाराला भेटतात.

इन्सुलिनची बाटली कुठून तरी मिळते. ती वापरायची कशी, हे ओपीडीच्या गर्दीत शिकवून होत नाही. पुढचे पाच-सहा महिने कोपीवर (ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीत) सगळं सांभाळायचं ते आईने, आजीने, नाहीतर त्या पोराने स्वतः. १४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनाला कार्यक्रम होतात, पण तोवर ही मुलं उसाच्या फडात पोचलेली असतात. म्हणून टोळ्या निघण्याआधी आपल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं ठरवलं आहे. मुलासोबत घरात सुई देणारं माणूस यायलाच हवं.

शिकवायचं काय, तर अगदी हातातलं. ४० युनिटच्या (म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट असलेल्या) बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० युनिटच्या बाटलीला केशरी. परगावच्या मेडिकलमधून अदलाबदल झाली तर खुणेवर डोस बरोबर दिसतो, पण अंगात अडीचपट जातो किंवा निम्म्याहून कमी. पोराला ताप आहे, जेवलं नाही, म्हणून सुईच द्यायची नाही, ही समजूत तर घरोघरी आहे. मग उलट्या, पोटदुखी, धाप लागते आणि मूल अतिदक्षता विभागात पोचतं. आजारपणात साखर जास्त वेळा तपासून डॉक्टरांना विचारायचं, इन्सुलिन आपल्या मनाने थांबवायचं नाही.

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरले, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. (फडात उसाचं कांडं दिवसभर हाताशी असतं, त्याचंही गणित मुलांना समजवावं लागणार आहे.)

कोपीत फ्रीज नसतो. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, त्यात पिशवीत गुंडाळलेली बाटली, वरून ओलं फडकं. असं मडकं प्रत्येक कुटुंबाकडून शिबिरातच करून घेणार आहोत.

मुलींचे पालक आजार लपवतात, "पुढे लग्न कसं व्हायचं" म्हणून. त्यांच्याशी बोलायला एखादी मधुमेहासह संसार करणारी ताई आली, तर आमच्या दहा भाषणांपेक्षा जास्त काम होईल. अशी कुणी माहितीत असेल तर जरूर कळवा.

पैसे लागतील ते मुख्यतः तपासणीच्या स्ट्रिपसाठी. दिवसातून चार वेळा तपासायचं म्हटलं तर एका मुलाला महिन्याला १२० स्ट्रिप लागतात. शिवाय एसटीचं भाडं, दोन वेळचं जेवण आणि पालकांची बुडणारी मजुरी. मजुरी कशाला, असं काहींनी विचारलं. ती दिली नाही तर आई येणार नाही, इतकं ते सरळ आहे.

वस्तू देणार असाल तर ग्लुकोमीटर आणि त्याच कंपनीच्या स्ट्रिप द्या, मुदतीची तारीख पाहून. शुगर-फ्री बिस्किटांचे पुडे कृपया आणू नयेत. इन्सुलिनही परस्पर देऊ नका, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घेतलं जाईल. परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि शाळेतले गुरुजी-बाई यांचा अर्धा दिवस मिळाला तरी चालेल.

मदत घटस्थापनेपर्यंत वाचनालयात संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत ग्रंथपालांकडे द्यावी आणि पावती तिथेच घ्यावी. जमाखर्च दिवाळीच्या आधी फलकावर लावला जाईल.

आपली नम्र,
कार्यकारिणी, सार्वजनिक वाचनालय