नाताळच्या पानांत बाथलाही जागा हवी

महोदय,

डिसेंबर आला की पुरवण्यांत प्लम केकच्या कृती येतात. कोकणपट्टीच्या ख्रिस्ती घरांतला बाथ, म्हणजे रवा-नारळाचा केक, मात्र एखाद्या ओळीत उरकला जातो, आणि त्यात नेमकी महत्त्वाची पायरी गळते: मिश्रण रात्रभर मुरवणे.

प्रमाण असे. बारीक रवा 250 ग्रॅम, साखर 250 ग्रॅम, लोणी 125 ग्रॅम, 4 अंडी, एका मध्यम नारळाचा चव (खवलेले ओले खोबरे), चिमूटभर मीठ, वेलची. लोणी-साखर फेसून त्यात पिवळा बलक, रवा आणि चव घालावा. चव मिक्सरला जेमतेम फिरवावा. गंधासारखा बारीक वाटला तर बाथ चिकट होतो. हे मिश्रण झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. रव्याने ओल शोषली नाही तर बाथ कचकचीत लागतो आणि कापताना भुगा होतो. सकाळी मिश्रण नेहमीच्या तापमानाला आणून एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि फेसलेला पांढरा बलक हलक्या हाताने मिसळावा. पावडर रात्रीच घातली तर तिचा जोर सकाळपर्यंत ओसरतो.

180 अंशांवर 45 ते 50 मिनिटे पुरतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या टोपात, झाकणावरही निखारे ठेवून भाजावा. नुसत्या गॅसवर बूड करपते, वरचा भाग पांढराच राहतो. पूर्ण निवल्यावरच कापावा. ओला नारळ असल्याने दमट हवेत तो लवकर आंबूस होतो, म्हणून फराळाच्या ताटांसाठी 23 डिसेंबरच्या आधी भाजू नये.

यंदा ही कृती पूर्ण छापावी, ही विनंती.

– एक वाचक, वेंगुर्ले