रोबोटिक्स संघांना हवेत फिटर, वायरमन आणि शिंपी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळकरी मुलांच्या रोबोटिक्स संघाने चषक जिंकला की छायाचित्रासह बातमी येते आणि तिच्यात कोडिंग, कृत्रिम बुद्धिमत्ता, उद्याचे शास्त्रज्ञ हे शब्द हमखास असतात. मुलांचे कौतुक व्हायलाच हवे. पण अशा बातम्यांमुळे एक समज पक्का होत चालला आहे की, या संघांना मदत करायची तर माणूस संगणक अभियंताच हवा. फिटर, टर्नर, वायरमन, सुतार, शिंपी असलेला वाचक बातमी वाचतो आणि पान उलटतो. संघांमध्ये सर्वांत मोठी वानवा नेमकी याच माणसांची आहे. म्हणून हे पत्र.

मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धा भरवणाऱ्या 'फर्स्ट' या संस्थेची फर्स्ट टेक चॅलेंज ही १२ ते १८ वयोगटाची स्पर्धा घ्या. १२ फूट लांब-रुंद मैदानात दोन-दोन संघांच्या दोन युती उतरतात. पहिली ३० सेकंदे रोबो स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो, पुढची २ मिनिटे मुले तो चालवतात. सुरुवातीला रोबो १८ इंचांच्या घनात मावलाच पाहिजे. एवढ्या वेळात रोबो २० सेकंदे बंद पडला तरी सामना हातचा जातो. तो बंद पडला की मुले आधी लॅपटॉप उघडतात, नाहीतर वायफायला दोष देतात. दोष बहुतेक वेळा वायरिंगमध्ये निघतो. क्रिम्प करताना, म्हणजे तारेवर कनेक्टर दाबून बसवताना, तारेचे निम्मे पदर तुटलेले असतात, नाहीतर प्लग अर्धवट बसलेला असतो.

वायरमनला हे सांगावे लागत नाही. मुलांना मात्र कोणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते. क्रिम्पिंगसाठी रॅचेटची, म्हणजे पुरती दाबल्याशिवाय न सुटणारी पक्कडच वापरायची, साधी पक्कड दाबून चालत नाही. प्रत्येक जोड हाताने ओढून पाहायचा. सुटला तर बरेच झाले, मैदानात सुटला नाही. कनेक्टरपासून दोन-तीन बोटांवर वायर चॅसिसला, म्हणजे रोबोच्या सांगाड्याला, केबल-टायने बांधायची, म्हणजे धक्का टायवर येतो, जोडावर नाही. हलणाऱ्या हाताकडे जाणारी वायर बांधण्याआधी तो हात दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहायचा, नाहीतर पहिल्याच उचलीला ती तुटते. शेवटी रोबो ठोकळ्यांवर ठेवून चाके अधांतरी करायची, मोटर हळू चालू ठेवायच्या आणि बोटे चाकांपासून लांब ठेवून एकेक कनेक्टर हलवायचा. मोटर जिथे अडखळेल तिथे दोष. या चाचणीला पाच-दहा मिनिटे लागतात आणि ती प्रत्येक सामन्यानंतर व्हायला हवी.

फिटरचे कामही असेच. चौकट काटकोनात आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये, दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत फरक राहिला की चाके समांतर राहत नाहीत आणि रोबो एका अंगाला ओढतो. मग मुले ते वाकडेपण प्रोग्रॅममध्ये आकडे बदलून लपवतात. गोल शाफ्टवर (चाकाच्या दांड्यावर) नुसत्या ग्रब स्क्रूने, म्हणजे बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने, धरलेले चाक घसरणारच; तिथे षटकोनी किंवा डी आकाराचा शाफ्ट आणि दोन्ही बाजूंनी आवळणारा हब लागतो. थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव, धातूवर धातू असेल तिथेच लावावे. पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकला लागले तर भोकाभोवती तडे जातात. तिथे नायलॉनचा लॉकनट बरा. आणि पॉलिकार्बोनेटऐवजी ॲक्रिलिक वापरले तर पहिल्या टकरीला तुकडे होतात.

यापेक्षा मोठ्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये, म्हणजे १९९२ पासून चालत आलेल्या स्पर्धेत, रोबोला भोवतीने बंपर लावावे लागतात. प्लायवूडची पट्टी, तिच्यावर फोमच्या नळ्या, वर जाड कापड. रंग लाल किंवा निळा आणि संघाचा क्रमांक लांबून वाचता येईल असा. इथे सुतार आणि शिंपी दोघे लागतात. कोपऱ्यावर कापडाला चुण्या पडल्या, स्टेपलची पिन उचकटली किंवा क्रमांक सोलून निघाला, की तपासनीस रोबो परत पाठवू शकतो. इतका खर्च आणि श्रम करून आलेली मुले कापडापायी ताटकळतात, हे खरोखर टाळता येण्याजोगे आहे.

बॅटरीबद्दल थोडे. १२ व्होल्टची बॅटरी सगळ्या मोटर एकदम अडल्या की काही क्षण बरीच खाली येते. नियंत्रक तेव्हा मोटरचा पुरवठा तोडतो किंवा पुन्हा सुरू होतो, आणि बाहेरून ते 'प्रोग्रॅम हँग झाला' असेच दिसते. बॅटऱ्यांवर क्रमांक घालून चार्जिंगची, विसाव्याच्या आणि भाराखालच्या व्होल्टेजची वही ठेवावी. हे काम काटेकोर हिशेबनिसाला छान जमते. स्वयंचलित भागात 'दोन सेकंद पुढे जा' असे लिहिणाऱ्या संघाचा रोबो भरलेल्या बॅटरीवर ठरल्या जागेच्या पुढे जातो, उतरलेल्या बॅटरीवर अलीकडेच थांबतो. चाकांच्या एन्कोडरवर, म्हणजे चाक किती फिरले ते मोजणाऱ्या उपकरणावर, अंतर मोजले की हा प्रश्न बराचसा मिटतो.

आता हंगामाविषयी. रोबोने यंदा काय करायचे तो खेळ जाहीर झाला की पहिल्या दिवशी सुट्या भागांना हात लावू नये. नियमपुस्तिका सगळ्यांनी मोठ्याने वाचावी. मग कोणते काम करायचे यापेक्षा कोणते सोडून द्यायचे हे ठरवावे. नव्या संघांची गाडी इथेच रुळावरून उतरते. सगळी कामे करणारा रोबो शेवटच्या आठवड्यापर्यंत बनत राहतो आणि चालवणाऱ्याला सराव मिळतच नाही. वस्तू उचलून जागेवर टाकण्याची एक फेरी १५ सेकंदांची असेल, तर ९० सेकंदांत ६ फेऱ्या होतात. ती १० सेकंदांवर आणली की ९. हा फरक नवी मोटर लावून नव्हे, बहुतेक करून सरावाने पडतो. म्हणून दुसऱ्या आठवड्याअखेर चालता चॅसिस हवाच, आणि उपलब्ध वेळेचा निदान तिसरा हिस्सा सरावासाठी राखावा.

मोठ्या स्पर्धेत पूर्वी साधारण सहा आठवड्यांनी रोबो पिशवीत बंद करावा लागे. ते बंधन २०२० च्या हंगामापासून गेले. मुलांना दुरुस्तीला वेळ मिळू लागला हे चांगलेच झाले, पण काम थांबवण्याची तारीख आता संघालाच ठरवावी लागते. रात्री किती वाजता कुलूप लावायचे हे मोठ्यांनी आधी सांगावे आणि पाळावे. थकलेल्या हातात ड्रिल देऊ नये. डोळ्यांवर चष्मा, पायांत बंद बूट, केस बांधलेले आणि खोलीत नेहमी किमान दोन प्रौढ, यांत सवलत नको.

मार्गदर्शकाने स्वतः किती करावे, यावर वाद होतात. आमचे मत स्पष्ट आहे: एक जोड करून दाखवावा, दुसरा मुलाबरोबर करावा, तिसऱ्याच्या वेळी हात मागे बांधून उभे राहावे. परीक्षकांपुढे मुलांनाच बोलायचे असते. तिथे 'ही गिअरची जोडी का निवडली?' याला उत्तर येत नसेल, तर तो भाग मोठ्यांनी बनवला हे कळतेच.

समाजात काम केल्याचे दाखवण्यासाठी अनेक संघ मेळाव्यात रोबो फिरवतात आणि अहवालात प्रेक्षकांचा आकडा लिहितात. आम्हाला त्यापेक्षा एका नव्या संघाला पूर्ण दोन हंगाम धरून ठेवणे मोलाचे वाटते. अनेक नवे संघ दुसऱ्या वर्षी मोडतात, कारण मोठी मुले शाळा सोडून जातात, प्रोग्रॅम एकाच्याच लॅपटॉपवर राहतो आणि रोबो सुट्या भागांसाठी उकलला जातो. उपाय साधे आहेत. प्रत्येक कामावर एक मोठा आणि एक लहान अशी जोडी असावी. प्रोग्रॅम सामाईक खात्यात असावा. जुना रोबो तोवर उकलू नये, जोवर नव्या मुलांनी त्याच्यासारखा चॅसिस स्वतः जोडून चालवलेला नाही. शेजारच्या लहान मुलांच्या, लेगोच्या ठोकळ्यांचे रोबो बनवणाऱ्या लेगो लीगच्या संघाला मोठ्या संघाने सरावाचे टेबल आठवड्यातून एक संध्याकाळ दिले, तरी फार मोठी सोय होते.

आपल्याला विनंती अशी की, निकालाच्या बातमीइतकीच जागा हंगामाच्या आधी आवाहनाला द्यावी. लेगो लीगचा खेळ ऑगस्टच्या सुमारास, टेक चॅलेंजचा सप्टेंबरात आणि मोठ्या स्पर्धेचा जानेवारीच्या सुरुवातीला जाहीर होतो. आवाहन त्याच्या दोन-तीन महिने आधी यावे. मदतीला येऊ इच्छिणाऱ्यांनी रोज येण्याचे वचन देऊ नये. आठवड्यातून एक ठरावीक संध्याकाळ, दोन तास, पण न चुकता, एवढे पुरते. पहिल्या दिवशी येताना आपली क्रिम्पिंगची पक्कड, मल्टिमीटर, गुण्या किंवा कात्री घेऊन यावे आणि मुलांना मागच्या हंगामात मोडलेला एखादा भाग दाखवायला सांगावे.

आपले,
विद्यार्थी रोबोटिक्स संघांचे काही मार्गदर्शक