पांढरे म्हणजे पारदर्शक नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की पेठांतल्या स्टिकर कटिंगच्या दुकानांत मंडळांची चिन्हे आणि मखरांची अक्षरे येऊ लागतात. अक्षरे चिरलेली निघाली की खापर कापणाऱ्या मशीनवर, म्हणजे प्लॉटरवर, फुटते. दोष बहुधा फाइलीत असतो.

कापायच्या चित्रामागची पार्श्वभूमी पारदर्शक, म्हणजे रिकामी हवी. जेपीईजी या फोटोच्या फाइलीत पारदर्शकता साठवण्याची सोयच नाही. तिथले पांढरे हा रंगच. पीएनजी (ठिपक्यांचे चित्र) आणि एसव्हीजीत (रेषांनी साठवलेले चित्र) ती सोय आहे. पण पीएनजी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्याचा जेपीईजी होतो. तो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावा.

इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. चित्र घेऊन पाथ मेनूतले ट्रेस बिटमॅप चालवावे, ते फोटोवरून रेषांची आकृती काढते. नवी आकृती मूळ फोटोच्या बरोबर वर बसते. ती बाजूला सरकवून फोटो पुसायचा राहिला, तर पांढरे तसेच मागे राहते. पार्श्वभूमीचा चौकोन नुसता अदृश्य करून ठेवणे त्याहून वाईट, कारण प्लॉटर तोही कापू शकतो. चौकोन काढूनच टाकावा.

खरी गंमत देवनागरीची. मजकुराची एक प्रत राखून (नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही) ऑब्जेक्ट टू पाथ करावे (अक्षरांच्या रेषा होतात), ग्रुप सोडवावा आणि मग युनियन करावे, म्हणजे सगळे आकार एक होतात. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. युनियन विसरले की पाते प्रत्येक जोडावर आडवे फिरते आणि स्टिकर तिथेच सुटतो. डिस्प्ले मोड आउटलाइन (नुसत्या कडा दाखवणारा) केला की हे जोड पडद्यावर लगेच दिसतात.

कापून टांगायच्या अक्षरांत शिरोरेषा उपकारक असते. ‘ग’ आणि ‘ण’चे सुटे भाग तीच धरून ठेवते. ‘मंगलमूर्ती’वरचा अनुस्वार मात्र गळून पडतो, त्याला बारीक दांडी जोडावी लागते. रांगोळीच्या स्टेन्सिलमध्ये सगळे उलटे. ‘व’ आणि ‘ब’ची पोटे निखळतात. अखंड शिरोरेषा कापली तर अक्षरांमधला कागद फक्त खालून धरलेला राहतो, जिभेसारखा लोंबतो आणि रंग आत शिरतो. म्हणून पोटांना पूल (न कापलेल्या जोडपट्ट्या) ठेवावेत आणि शिरोरेषाही दर एक-दोन अक्षरांनी तोडावी. कार्डशीटला दोन मिलिमीटरचा पूल चालतो. त्याहून बारीक ठेवला की रांगोळी झटकतानाच तुटतो.

वेबसाइटसाठी पान चित्राच्या मापाचे करून प्लेन एसव्हीजी (इंकस्केपची खास माहिती नसलेली) साठवावी, नाहीतर चिन्हाभोवती रिकामी जागा राहते. छपाईवाल्याने पीएनजीच मागितली, तर चार इंचांच्या चिन्हाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १२०० पिक्सेल रुंदी लागते.

मंडळांना एक सूचना. कार्यकारिणी बदलते, चिन्ह बदलत नाही. त्याची एसव्हीजी एकदाच नीट करून घ्यावी आणि पावतीपुस्तकांबरोबर नव्या चिटणिसांच्या हवाली करावी.

आपला,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे