करी पावडरीला फोडणी नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातल्या करीचा विषय निघाला की आपल्याकडे ‘ही कसली करी, नुसती पावडर’ असा सूर हमखास लागतो. हा त्या स्वयंपाकांवर अन्याय आहे. पावडर हाताळायचं त्यांचं स्वतःचं तंत्र आहे आणि आपल्याकडे पाककृती देताना नेमकं तेच गाळलं जातं.

करी पावडरीत हळद, धणे, जिरे, मिरी यांच्याबरोबर मेथीही असते आणि सगळं बारीक दळलेलं. आपल्या फोडणीतली मोहरी अख्खी असते, ती गरम तेलात तग धरते. पावडर त्याच तेलात टाकली तर काही सेकंदांत करपते आणि पुढे कितीही गूळ घाला, कडवटपणा जात नाही.

त्रिनिदादमध्ये १८४५ पासून गेलेल्या गिरमिटियांच्या (करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या) वंशजांनी सोपा उपाय जपला आहे. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग तेलात सोडायची. पाणी आटेपर्यंत मसाला जळत नाही. आटला की दाणेदार होतो, कडेने तेल सुटतं आणि मगच मटण घालतात.

जपानी करीची वाट निराळी. मेइजी काळात (१८६८–१९१२) ती ब्रिटिशांमार्फत तिथे पोहोचली, नौदलाच्या जेवणात रुळली. आजही तिथल्या सागरी दलात शुक्रवारी करी-भात असतो. तिचा प्राण मैद्यात आहे. चौघांसाठी ४० ग्रॅम लोण्यात ४० ग्रॅम मैदा अगदी मंद आचेवर बदामी होईपर्यंत, साधारण पंधरा मिनिटं, सतत हलवत भाजायचा. घाई केली तर कच्च्या पिठाची चव शेवटपर्यंत राहते. गॅस बंद करून मग एक मोठा चमचा पावडर. नंतर ७०० मिली गरम रस्सा पळी-पळीने. एकदम ओतला तर पिठाचं बाहेरचं आवरण लगेच शिजून घट्ट होतं, आत कोरडं राहतं, गुठळ्या मोडत नाहीत. मैदा-मसाल्याच्या तयार वड्या वापरल्या तरी याच कारणाने त्या उकळत्या रश्श्यात टाकू नयेत. आच बंद करून विरघळवाव्यात, मग दहा मिनिटं मंद शिजवावं.

बर्लिनच्या करीवुर्स्टमध्ये (१९४९ पासूनचा पदार्थ) पावडर शेवटी सॉसेजवरच्या सॉसवर भुरभुरतात, म्हणून तिचा वास ताजा राहतो. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या बनी चाऊत (कोरलेल्या पावात भरलेली करी) तर रस्सा दाटच हवा. पावात पातळ करी ओतली की बूड भिजून फुटतं. बटाटा विरघळेपर्यंत शिजवला तर दाटपणा आपोआप येतो.

पाककृती छापताना पावडर कधी घालायची आणि त्या वेळी आच किती ठेवायची, एवढ्या दोन ओळी तरी आवर्जून द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक