मावशीचं बिल

पुणे, 24 फेब्रुवारी

प्रिय दत्त्या,

फोनवर हे सगळं सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच "बरं, ऑर्डर मिळाली का?" असं विचारणार आणि गाडी तिकडेच वळणार. म्हणून कागद घेऊन बसलोय. ऑर्डरचं शेवटी सांगतो. तोवर गप्प वाच.

गेल्या आठवड्यात तीन दिवस गोव्यात होतो. घरी नाही, कामाला. अहमदाबादची एक औषध कंपनी गोळ्या फॉइलच्या पट्टीत बंद करणारं आमचं ब्लिस्टर पॅकिंगचं मशीन घेण्याच्या विचारात आहे. चुलते-पुतणे दोघं मिळून चालवतात. त्यांना मशीन चालू स्थितीत बघायचं होतं आणि आमचं सगळ्यात नवं मशीन कुठे लागलंय, तर कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत. म्हणजे फर्मागुडीच्या आपल्या इंजिनियरिंग कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "तू तिथलाच ना? मग काय, पाहुण्यांना खूश कर. बोट, कॅसिनो, मासे, काय लागेल ते." मी हो म्हटलं. खरंच सांगतो, जाताना छाती फुगली होती. वीस वर्षं लोकांना परक्या शहरांतल्या हॉटेलांत जेवू घालतोय. या वेळी आपल्या गावात घालणार होतो.

आणि पहिल्याच दुपारी जेवणावर गाडी अडली. दोघे जैन. पुतण्या बाहेर असला की थोडंफार चालवून घेतो, पण थोरले पक्के. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, जमिनीखालचं काहीच नाही, पाणी उकळलेलं आणि सूर्य मावळला की तोंडाला काही लावायचं नाही. फेब्रुवारीत आपल्याकडे साडेसहाच्या सुमारास दिवस बुडतो. म्हणजे साहेबांनी आखलेलं एकही रात्रीचं जेवण त्यांच्या उपयोगाचं नाही. पणजीच्या हॉटेलात त्यांच्यासमोर काकडी, टोमॅटो आणि कोरडा पुलाव आला. ते काही बोलले नाहीत, निमूट जेवले. मला मात्र घास उतरेना. पाहुणा माझ्या गावात येऊन काकडी खातोय, आणि मी त्याला मांडवीच्या पुलाची लांबी सांगतोय!

संध्याकाळी पुतण्याला कॅसिनोत जायचं होतं. त्याला जेटीवर सोडलं. मी गेलो नाही. गोव्याच्या माणसाला 2020 पासून तिथल्या जुगाराच्या जागेत प्रवेश नाही आणि माझ्या आधार कार्डावर अजून डिचोलीचाच पत्ता आहे. तो बदलून घ्यावा असं बायको दरवर्षी म्हणते. मी बदलत नाही, आणि त्याचं कारण तुला सांगायला नको.

थोरल्यांना घेऊन नदीकाठाने चालत निघालो. जुन्या सचिवालयापाशी आबे फारियाचा पुतळा दिसला तसे ते थबकले. हात उंचावून उभा असलेला पाद्री आणि त्याच्यासमोर मागे कलंडलेली बाई. रात्रीच्या उजेडात अनोळखी माणसाला ते दृश्य जरा विचित्रच वाटतं. मी सांगितलं, हा आमचा कांदोळीचा, 1756 सालचा जन्म; पॅरिसला जाऊन त्याने संमोहनाची विद्या दाखवली आणि यात बाहेरची कुठली शक्ती नाही, जे घडतं ते समोरच्याच्याच मनात घडतं, असं सांगितलं. ते बराच वेळ पुतळ्याकडे बघत राहिले. मग कठड्यावर बसले. समोर नदीत त्या बोटींची लाल-निळी रोषणाई. म्हणाले, "भाई, ये बत्तियाँ तो कहीं भी देख लेंगे. आप यहीं पढ़े हो ना? अपना कॉलेज दिखाओ."

दत्त्या, इतक्या वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाने मला असं काही विचारलं नव्हतं. मी शिकलो कुठे, वाढलो कुठे, याच्याशी त्यांना काय देणंघेणं? मशीन एका गोळीवरून दुसऱ्या गोळीवर किती मिनिटांत जातं, सुटे भाग किती दिवसांत येतात, एवढंच. मी तिथूनच बॅचच्या ग्रुपवर मेसेज टाकला: मेसच्या मावशीच्या मुलाचा नंबर कुणाकडे आहे का. दहा मिनिटांत आला. फोन लावला तर मावशीनेच उचलला.

"कोण? उदय? मरे, जिवो आसा मरे तूं!"

मेस बंद करून तीन वर्षं झाली म्हणाली. गुडघे साथ देत नाहीत, कुणी सांगितलं तरच रांधते. मी भीत भीत पथ्य सांगितलं. कांदा-लसूण नको म्हटल्यावर तिला काहीच वाटलं नाही, चतुर्थीला आणि देवळातल्या जेवणाला तसंच तर करतात. पण कंद नको म्हटल्यावर ती गप्पच झाली. तुला आठवतं ना, तिच्या खतखत्यात सुरण, करांदे, रताळं, मुळा, एकेक तुकडा हाताच्या अंगठ्याएवढा! "कंद नासतना खतखतें कशें जातलें रे?" असं म्हणाली आणि मग स्वतःच, "बरें, पळयतां" म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडईला मशीन बघितलं. तो भाग थोडक्यात उरकतो. फॉइल एका बाजूला सरकत होतं, दोनदा मशीन थांबवावं लागलं, माझ्या कपाळावर घाम. तिसऱ्यांदा नीट चाललं. एका गोळीवरून दुसऱ्या गोळीवर जायला चाळीस मिनिटं लागली. आम्ही कागदावर तीस लिहितो, आणि पुतण्या घड्याळ लावून उभा होता. मी सरळ सांगितलं की नवा माणूस असेल तर चाळीसच धरा. साहेबांना हे सांगितलेलं नाही.

मग निघालो. मंगेशीला जत्रेची दोन-चार दुकानं अजून उठायची होती. थोरल्यांना सात मजली दीपस्तंभ फार आवडला. देव इथलेच का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची. पोर्तुगिजांनी तिकडे देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी रातोरात देव उचलले आणि नदीपलीकडे या अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, आणून ठेवले, कारण हा मुलूख तेव्हा त्यांच्या हाती नव्हता. मंगेश आला तो 1560 साली. शांतादुर्गेचं कवळ्याचं आजचं देऊळ तर पार साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातलं, 1738 चं. आणि मंगेश ज्या वर्षी आला त्याच 1560 मधली आदिलशहाची साफा मशीद फोंड्यात अजून उभी आहे, तळ्यासकट. हे बोलताना माझ्या लक्षात आलं की ही माहिती मी आदल्या दिवशीच्या पुलासारखी सांगत नव्हतो. फोंड्यातला प्रत्येक देव मुळात दुसरीकडचा आहे हे मला कुणी शिकवलं? तूच ना, पहिल्या वर्षी, म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून. मला घरची आठवण येत होती आणि तू म्हणालास, "म्हाळसा पण हॉस्टेलाइटच आहे रे."

ते मी थोरल्यांना सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं.

फर्मागुडीला गाडी चढली तसा मी काचेला नाक लावून बसलो. गोपाळ गणपती तसाच आहे. गुराख्यांना सापडलेली ती मूर्ती आणि भाऊसाहेब बांदोडकरांनी बांधलेलं देऊळ. परीक्षेच्या सकाळी चपला बाहेर काढायलाही वेळ नसायचा, रस्त्यावरूनच हात जोडायचो. शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी आता बसायला जागा केली आहे. कॉलेज मात्र ओळखीचं आणि अनोळखी, दोन्ही. 1967 चं आपलं कॉलेज, त्याच आवारात 2016 पासून आयआयटीची मुलं. गेटवरच्या माणसाने कुठे जायचं विचारलं. मी म्हटलं, इथेच शिकलो. वर्ष विचारलं, 2002 म्हटलं, तर त्याने वहीत "माजी" एवढंच लिहिलं आणि सोडलं.

वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला टेकून थोरले उभे राहिले. त्यांच्या हॉस्टेलातली एक गोष्ट सांगितली, त्यांच्या खोलीतल्या मित्राची. तो मित्र आता नाही. गोष्ट त्यांची आहे, म्हणून पत्रात लिहीत नाही. ती ऐकताना मी तुझा विचार करत होतो.

आणि मग मावशी.

उतारावरचं तेच घर. पुढच्या पडवीत आपली लांब बाकं नाहीत, एकच टेबल आणि चार खुर्च्या. मावशी वाळली आहे, केस पांढरे, पण अबोली माळलेली. आल्या आल्या तिने थोरल्यांसमोर तांब्या ठेवला आणि म्हणाली, "उकळून, गाळून, थंड केलंय." मराठीत, अगदी ठासून. ते पाणी तिने सकाळी सहाला उकळलं होतं.

खतखतं केलं होतं, दत्त्या. कंदांशिवाय. दुधी, लाल भोपळा, दोडका, शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी, मक्याच्या कणसाचे तुकडे, तूरडाळ. ओल्या नारळाचं वाटप, सोलं, गूळ आणि तिरफळं. केळ्याची कापं रव्यात घोळून तळलेली. उकड्या तांदळाचा भात, सोलकढी, शेवटी गोडाला मणगणें. मी पहिला घास घेतला आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं. चव तीच होती. फक्त सुरणाचा तो मऊ, जड तुकडा जिभेला सापडत नव्हता. मावशी दारात उभी राहून माझ्याच तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली तेव्हा आत गेली.

थोरल्यांना तिरफळ काढून टाकायचं सांगायला मी विसरलो. त्यांनी अख्खं चावलं. क्षणभर थांबले, तोंडावर हात ठेवला, डोळे मोठे झाले. जीभ बधिर झाली असणार. मला वाटलं, संपलं सगळं. मावशीने शांतपणे गुळाचा खडा पुढे केला. त्यांनी तो चघळला, घोटभर पाणी प्यायले आणि बोट दाखवून हसत विचारलं, "ये क्या था?" मग मावशीने मूठभर सुकी तिरफळं आणून त्यांच्या तळहातावर ठेवली, एक फोडून आतलं काळं बी बाजूला काढून दाखवलं. हे टाकायचं, टरफलातच वास. ती कोकणी-मराठीत, ते गुजराती-हिंदीत. मधे बोलायची मला गरजच पडली नाही. ती तिरफळं त्यांनी रुमालात बांधून अहमदाबादला नेली.

निघताना मी पाकीट काढलं. मला वाटलं, ती पैसे घेणार नाही, भांडावं लागेल. पण ती म्हणाली, "कंपनीचे पयशे मरे? मग बिल दितां." आत जाऊन वहीचं पान फाडून आणलं. तीन ताटं, अडीचशेने साडेसातशे. मी म्हटलं, मावशी, आम्ही चौघे जेवलो, ड्रायव्हर धरून. तर म्हणाली, "म्हाका मेजूंक येता. तुजें ना."

एवढंच. वर काही नाही.

सोमवारी ऑफिसात खर्चाचे कागद दिले. बोटीची तिकिटं, हॉटेल, गाडी, सगळं सहीनिशी मंजूर. मावशीचं पान मात्र लाल शेरा मारून परत आलं: छापील नाही, जीएसटी क्रमांक नाही. मी वाद घातला नाही. माझ्याच पैशांनी भरलं, आणि बरं झालं, कारण पान माझ्याकडे राहिलं.

आता ऑर्डर. अजून नाही. पुतण्याचं म्हणणं, दुसरीकडे दहा टक्के स्वस्त मिळतं. थोरल्यांनी काल फोन केला होता, पण मशीनसाठी नाही. तिरफळ किती घालायचं आणि कधी, हे त्यांच्या घरी विचारत होते. मी मावशीला विचारून कळवलं: शेवटी, गूळ घातल्यानंतर, आठ-दहा, हलकी ठेचून.

ते पान या पत्रासोबत पाठवतोय. तिचं अक्षर बघ, "ताट" मधला ट अजून तसाच, खाली शेपटी असलेला. मी आत हात धुवायला गेलो होतो तेव्हा तिने सगळ्यात आधी विचारलं होतं, "दत्ता खंय आसा? येता काय कदीं?" मी म्हटलं, येईल. पानाच्या मागे तिने तुझ्यासाठी नंबर लिहिलाय. दुपारी दोन ते चार झोपते, त्या वेळात लावू नकोस.

तुझा,
उदय