दोन्ही पत्रे खरी आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयाबद्दल आपल्या पत्रांच्या सदरात लागोपाठ दोन पत्रे आली. पहिल्यात मध्यरात्री आणलेल्या वडिलांवर तातडीने शस्त्रक्रिया करून जीव वाचवणाऱ्या डॉक्टरांचे आभार होते. दुसऱ्यात एका सीटी स्कॅनसाठी आईला तीन दिवस खाली-वर फिरवल्याची, कुणी धड उत्तर न दिल्याची तक्रार होती. मग प्रतिक्रिया आल्या. कुणी पहिल्याला भाबडे ठरवले, कुणी दुसऱ्याला खोटे. अशाच रुग्णालयांच्या वॉर्डांत आणि समाजसेवा विभागांत नोकरीची वर्षे काढलेल्या आम्हा काही जणांच्या मते दोन्ही पत्रे खरी आहेत. ती एकाच वॉर्डातली, एकाच आठवड्यातलीही असू शकतात.

हे कळायला आधी युनिटचे वेळापत्रक समजून घ्यावे लागते. मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो अशा प्रत्येक विभागात अनेक युनिटे, म्हणजे एका प्रमुखाच्या हाताखालचे डॉक्टरांचे गट, असतात. प्रत्येकाचे ओपीडीचे वार ठरलेले आणि 'इमर्जन्सी'चा दिवसही ठरलेला. त्या दिवशी अपघात विभागातून त्या विभागात जेवढे रुग्ण भरती होतात, ते सगळे त्या एका युनिटच्या पदरात. सोमवारी इमर्जन्सी असेल, तर मंगळवारी पहाटे दोन खाटांच्या मध्ये गाद्या पडलेल्या दिसतात, स्टँड कमी पडले म्हणून सलाइनची बाटली खिडकीच्या गजाला बांधलेली दिसते. शुक्रवारपर्यंत तोच वॉर्ड ओसरतो, चादरी बदललेल्या असतात, सिस्टर रुग्णाला नावाने हाक मारतात. माणसे तीच, मजला तोच. वार वेगळा.

'आज तुमचा वार नाही' या वाक्यावरून सर्वांत जास्त भांडणे होतात. रुग्णाला वाटते हाकलून दिले. कारण एवढेच असते, की त्याच्या शस्त्रक्रियेची नोंद आणि त्याला तपासलेला डॉक्टर दुसऱ्या युनिटचा असतो. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात युनिट आणि वार लिहिलेला असतो, पण घाईच्या अक्षरात आणि इंग्रजी आद्याक्षरांत. तिथे मराठीत ठळक शिक्का मारला, तर विरार-बदलापूरहून पहाटेची लोकल धरून येणाऱ्याची एक फेरी वाचेल. खर्च एक रबरी शिक्का आणि शाईचा पॅड.

आता 'सिस्टर वसकन अंगावर येतात' याबद्दल. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, अतिदक्षता विभागात एकास एक. रात्रपाळीला पन्नासेक रुग्णांमागे दोन सिस्टर, हे चित्र आम्हाला नवीन नाही. रात्री दहाचे अँटिबायोटिक घ्या. कागद पाहणे, कुपीतली पावडर विरघळवणे, शीर चालू आहे का बघणे, औषध सावकाश सोडणे, सही करणे, असे धरून एका रुग्णाला चार मिनिटे. चाळीस जणांना इंजेक्शन असेल तर १६० मिनिटे. दोघींनी वाटून घेतले तरी ८०. मध्येच अपघात विभागातून नवा रुग्ण वर आला की एक सिस्टर निदान अर्धा तास त्याच्याकडे अडकते. म्हणजे शेवटच्या खाटेवरचे दहाचे इंजेक्शन बाराला गेले, तर त्यात कामचुकारपणा असेलच असे नाही. त्यातच चार बाजूंनी 'सिस्टर, सलाइन संपलं' सुरू असते. बाटली संपल्यावर हवा शिरून माणूस दगावेल, ही नातेवाइकांची भीती. प्रत्यक्षात थेंब थांबतात, नळीत थोडे रक्त मागे येते, ते गोठले तर शीर बंद पडते आणि सुई पुन्हा टोचावी लागते. नळीवरची चक्री कशी बंद करायची हे सिस्टरने भरतीच्या वेळीच दाखवले, तर सिस्टर आणि नातेवाईक दोघांचाही त्रास वाचेल. तरीही उर्मट बोलणे ते उर्मटच. आणि बेडपॅन द्यायला किंवा स्ट्रेचर ढकलायला मावशी-मामांनी, म्हणजे आया-वॉर्डबॉयनी, पैसे मागणे, याला तर कोणतेच गणित लागू होत नाही.

'तीनदा रक्त काढले, रिपोर्ट एकही नाही' ही तक्रारही जुनी. निळ्या टोपीच्या नळीत रक्त गोठण्याची तपासणी होते. तिच्यात आधीच एक भाग औषध असते आणि त्यात नऊ भाग रक्त लागते, म्हणून नळीवरच्या रेषेपर्यंत भरली नाही तर प्रयोगशाळा ती परत करते, आणि ते बरोबरच करते, कारण निकाल चुकीचा येणार. जांभळ्या टोपीची नळी भरल्यावर हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी केली नाही तर रक्ताची गुठळी होते. बारीक सुईने जोर लावून रक्त ओढले तर पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. रात्रभर जागलेल्या इंटर्नच्या हातून यातले काहीही होते. पण खरा घोळ नंतरचा. नमुना नाकारल्याचा निरोप वॉर्डात कोणाला पोहोचतो? बरेचदा कोणालाच नाही. दुसऱ्या दिवशी राउंडला रिपोर्ट मागितला जातो तेव्हा कळते. सीटीचेही तसेच. शिरेतून रंगद्रव्य देऊन काढायच्या सीटीला सहसा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अलीकडचा रिपोर्ट मागतात आणि काही तास उपाशी राहायला सांगतात. रुग्ण चहा-बिस्किट खाऊन गेला, किंवा क्रिएटिनिनचा कागद वॉर्डातच राहिला, की स्ट्रेचर आल्या पावली परत. सीटीच्या खिडकीवर एवढेच सांगतात, 'उद्या या.' तो कागद कोणता, ते सांगत नाहीत.

आमच्या मते सगळ्या तक्रारींचे मूळ मात्र याहून साधे आहे. डॉक्टरांचा मोठा राउंड सकाळी असतो. युनिटप्रमुख, लेक्चरर, रजिस्ट्रार (वरिष्ठ निवासी डॉक्टर), हाउसमन (सर्वांत कनिष्ठ निवासी डॉक्टर) सगळे खाटेशी असतात, पुढचे सगळे तिथेच ठरते. आणि नेमक्या त्याच वेळी सुरक्षारक्षक शिट्टी वाजवून नातेवाइकांना बाहेर काढतात. बहुतेक ठिकाणी भेटीची वेळ दुपारी चारनंतर. तेव्हा निर्णय घेणारे डॉक्टर शस्त्रक्रियागृहात किंवा घरी, आणि वॉर्डात सापडतो तो नवखा हाउसमन, ज्याला एकीकडे आठ डिस्चार्ज कार्डे लिहायची असतात. माहिती ज्याच्याकडे आहे आणि ज्याला हवी आहे, त्या दोघांची गाठ पडूच नये अशी ही व्यवस्था कोणी मुद्दाम आखली नसेल, पण ती वर्षानुवर्षे चालू आहे. पहिल्या पत्रलेखकाला हा त्रास झाला नाही, कारण तातडीच्या शस्त्रक्रियेआधी संमतीसाठी डॉक्टरला नातेवाइकासमोर उभे राहावेच लागते. (त्या संमतिपत्राचा मसुदा मराठीत छापलेला असतो आणि प्रक्रियेचे नाव तेवढे इंग्रजीत लिहिलेले, हा आणखी एक गमतीचा भाग.)

यावर आमची एकच मागणी आहे. प्रत्येक युनिटने रोज अर्धा तास, भेटीच्याच वेळेत, रजिस्ट्रार किंवा त्यावरील दर्जाचा एक डॉक्टर नातेवाइकांसाठी वॉर्डात बसवावा आणि ती वेळ वॉर्डाच्या दारावर खडूने लिहावी. डॉक्टर कमी आहेत, हे आम्ही कोणापेक्षाही जास्त जाणतो. पण तोच प्रश्न चाळीस नातेवाइकांनी जिन्यात, लिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये गाठून विचारण्यात अर्ध्या तासाहून जास्त जातो. याच पालिका रुग्णालयांनी १९८६ साली केईएममध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्माला घातले, १९८९ साली शीवला आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दारावर खडूने एक वेळ लिहिणे त्यांना जमणार नाही असे आम्ही मानत नाही.

डिस्चार्ज सकाळी नऊला सांगून संध्याकाळी पाचला का मिळतो, त्याचेही कारण वरच आले: कार्ड लिहिणारा एकच. थांबण्यापेक्षा वाईट म्हणजे घाईत लिहिलेले कार्ड. ते हातात आल्यावर जागचे हलू नये. शस्त्रक्रियेची तारीख, उजवी की डावी बाजू, टाके काढायचा दिवस, गाठ तपासायला पाठवली असेल तर तिचा नमुना क्रमांक, हे सगळे वाचून घ्यावे. मुतखड्याच्या रुग्णांनी तर 'डीजे स्टेंट' हे शब्द शोधावेतच. मूत्रनलिकेत ठेवलेली ही मऊ नळी काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत काढायची असते. दुखणे थांबले की रुग्ण तिला विसरतो, किंवा ती आत आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. वर्ष-दोन वर्षांनी तिच्यावरच खडे चढतात आणि जी नळी दुर्बिणीने काही मिनिटांत निघाली असती तिच्यासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. कार्डावर 'स्टेंट काढण्याची तारीख' हा स्वतंत्र चौकोन छापून घ्यावा. मूत्रविकार विभागाने स्टेंटची वेगळी वही ठेवून फोन करावेत.

पैशांबद्दल थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत २०२३ च्या निर्णयानंतर कोणत्याही रंगाचे रेशनकार्ड चालते आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे. मात्र मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी लागते. भरतीच्याच दिवशी आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर जावे, चौथ्या दिवशी नव्हे. रेशनकार्डावर नव्या सुनेचे किंवा बाळाचे नाव नसणे आणि आधारवरच्या नावाशी मेळ न बसणे, गाडी अडते ती इथेच. योजनेत न बसणाऱ्या रॉड, प्लेट किंवा औषधासाठी गरीब रुग्णांसाठीचा पुअर बॉक्स चॅरिटी फंड असतो, आमच्या बोलीत पीबीसीएफ. त्यासाठी डॉक्टरांच्या सहीची मागणी, खर्चाचा अंदाज आणि रेशनकार्डाची प्रत घेऊन समाजसेवा विभागात सकाळीच जावे. बाहेरून सामान आणून झाल्यावर पावती घेऊन आलेल्याला मदत करणे फार कठीण जाते.

तक्रारीचे म्हणाल, तर 'सगळे उद्धट आहेत' या अर्जावर काहीच करता येत नाही. वॉर्ड, खाट, भरती क्रमांक, तारीख आणि तास लिहिला, की त्या पाळीला कोण होते हे ड्युटीच्या वहीत मिळते. अर्ज अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) नावे द्यावा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नये. उपचारांचे कागद मागण्याचाही हक्क आहे. २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. आभाराचे पत्रही याच तपशिलाने लिहावे. 'सर्व कर्मचाऱ्यांचे आभार' यातून त्या रात्री रक्ताची पिशवी घेऊन धावलेल्या मामांपर्यंत काही पोहोचत नाही.

दुसऱ्या पत्रलेखकाने अजूनही असा अर्ज द्यावा. तीन दिवसांतल्या तिन्ही फेऱ्यांच्या तारखा आणि वेळा त्यात लिहाव्यात, आणि सीटी विभागाने रुग्ण प्रत्येक वेळी कोणत्या कारणाने परत पाठवला ते लेखी मागावे. आमचा अंदाज क्रिएटिनिनच्या कागदाचा आहे.

आपले,
काही निवृत्त परिचारिका आणि वैद्यकीय समाजसेवक,
मुंबई